लहान अक्षरात कमीपणा कसला?

रोमन लिपीत लिहिल्या जाणाऱ्या क्रोएशियन भाषेत 'क्रोएशियन' हा शब्द लहान अक्षरानं लिहितात. सोमवार लहान, जानेवारी लहान, सगळ्या भाषांची नावं लहान, आणि देशांच्या नावांवरून तयार झालेली विशेषणंही लहान. इंग्रजी शिकून या भाषेकडे वळणाऱ्याला हे खटकतं आणि त्याचं मत लगेच तयार होतं: या लोकांना स्वतःच्या भाषेचा अभिमान नाही, नाहीतर तिचं नाव असं लिहिलं असतं का? मराठी माणसांकडूनही मी हे ऐकलं आहे, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात कीव असते. खुद्द क्रोएशियात वाद दुसऱ्या टोकाकडून चालतो. इंग्रजीच्या वळणानं शीर्षकातला प्रत्येक शब्द मोठ्या अक्षरानं सुरू करण्याची सवय जाहिरातींत, संकेतस्थळांवर, दुकानांच्या पाट्यांवर शिरली आहे. एक पक्ष त्याला भाषेवरचं आक्रमण म्हणतो. दुसरा म्हणतो, अर्थ कळतो ना, मग एका अक्षरानं कुणाचं काय बिघडलं? हे तिन्ही पक्ष वेगवेगळं बोलत असले तरी एक गोष्ट तिघांनीही न तपासता धरली आहे. मोठं अक्षर म्हणजे मानाचं पान, आणि प्रश्न फक्त ते कुणाला द्यायचं एवढाच, असं ते समजतात. मला हा पायाच चुकीचा वाटतो. क्रोएशियननं आपले नियम सोडू नयेत असं माझं ठाम मत आहे, पण अभिमान किंवा शुद्धता यांच्या आधारावर ते मांडायची गरज नाही. ते नियम इंग्रजीपेक्षा वेगळा प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नाचं उत्तर वाचकाच्या उपयोगी पडतं, एवढं कारण पुरेसं आहे.

इंग्रजीचा प्रश्न साधारण असा असतो: या शब्दाचं एखाद्या विशेषनामाशी नातं आहे का? नातं असेल तर मोठं अक्षर. म्हणून इंग्लंड मोठं, इंग्लिश भाषा मोठी, इंग्लिश हवामानही मोठं. क्रोएशियनचा प्रश्न जास्त नेमका आहे: हा शब्द स्वतः कुणाचं किंवा कशाचं नाव आहे का? 'ह्र्वात' म्हणजे क्रोएट माणूस. ते एका राष्ट्राच्या सदस्याचं नाव, म्हणून मोठ्या 'एच'नं. 'ह्र्वात्स्की' म्हणजे क्रोएशियन भाषा किंवा क्रोएशियन असलेली कुठलीही गोष्ट. तो लहान 'एच'नं. झाग्रेबचा रहिवासी मोठ्या अक्षराचा, झाग्रेबची ट्राम लहान अक्षराची. मार्को नावाच्या माणसाचं घर सांगताना 'मार्कोव' मोठ्या अक्षरानं येतं, कारण तिथे एक विशिष्ट माणूस मालक आहे. पण एखाद्या लेखकाच्या शैलीसारखं, त्याच्या धाटणीचं असं म्हणायचं झालं आणि शब्दाला 'स्की' हा प्रत्यय लागला, की अक्षर लहान होतं. फियाट ही कंपनी मोठी, तिनं बनवलेली आणि दारात उभी असलेली फियाट लहान. शब्द तोच, पण एका ठिकाणी तो नाव आहे आणि दुसऱ्या ठिकाणी वस्तूचा प्रकार.

अनेक शब्दांच्या नावांत हा नेमकेपणा आणखी स्पष्ट दिसतो. संस्था, समुद्र, डोंगर, सण, ऐतिहासिक घटना यांच्या नावात फक्त पहिला शब्द मोठा. देशाची संसद 'ह्र्वात्स्की साबोर', त्यातला 'साबोर' लहान 'एस'नं. 1991 ते 1995 या काळात ज्या युद्धातून देश उभा राहिला त्याच्या नावातही युद्ध हा शब्द लहानच. एड्रिॲटिक समुद्राच्या नावात समुद्र लहान. मात्र देश आणि गावं यांच्या नावांत प्रत्येक मुख्य शब्द मोठा. याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यानं ह्वार बेटावर जावं. तिथे 'स्तारी ग्राद' नावाचं गाव आहे. शब्दशः जुनं शहर. ते वस्तीचं स्वतंत्र नाव, म्हणून दोन्ही शब्द मोठे. झाग्रेबमधला 'गोर्न्यी ग्राद', म्हणजे वरचं शहर, हा शहराचा एक भाग आहे, म्हणून त्यातला फक्त पहिला शब्द मोठा. आणि कुठल्याही गावातली जुनी वस्ती असेल तर दोन्ही शब्द लहान. गाव, गावाचा भाग आणि साधं वर्णन या तिन्ही गोष्टी वाचणाऱ्याला नकाशा न उघडता कळतात. इंग्रजीच्या पद्धतीत पहिल्या दोन गोष्टी एकसारख्या दिसल्या असत्या. मग कमी बोलणारा नियम कोणता?

आपल्याकडून या बाबतीत जी चूक होते तिचं कारण मला दिसतं. देवनागरीत मोठं-लहान हा भेदच नाही. मोडीतही नव्हता. हा भेद आपण शाळेत इंग्रजीच्या तासाला शिकलो, मोठी एबीसीडी आणि लहान एबीसीडी म्हणून, आणि मराठी बाईंनी नव्हे तर इंग्रजीच्या सरांनी वारांच्या नावाखाली लाल रेघ ओढली म्हणून तो मनात पक्का झाला. दुसरी कुठलीच पद्धत पाहिलेली नसल्यामुळे इंग्रजीची सवय आपल्याला तर्काचा नियम वाटते. प्रत्यक्षात या बाबतीत युरोपातल्या बऱ्याच भाषांची पद्धत इंग्रजीपेक्षा वेगळी आहे. वार, महिने आणि भाषांची नावं फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, पोलिश या सगळ्या भाषा लहान अक्षरानं लिहितात. स्पॅनिश तर स्पॅनिश माणसालाही लहान अक्षरानं लिहिते. स्वतःच्या भाषेबद्दल फ्रेंचांना अभिमान कमी, असं म्हणायला कुणी धजावेल का?

आणि इंग्रजी तरी कायम एका तर्कावर उभी होती का? अमेरिकेचं 1787 चं संविधान उघडलं तर पहिल्याच वाक्यात 'लोक', 'न्याय', 'कल्याण' अशी साधी नामं मोठ्या अक्षरानं सुरू झालेली दिसतात, आजच्या जर्मनसारखी. छापखाने मात्र तोवर ही पद्धत टाकून देऊ लागले होते. बेंजामिन फ्रँकलिन स्वतः मुद्रक होते. 1789 च्या डिसेंबरात कोशकार नोआ वेब्स्टर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या बदलाबद्दल तक्रार केली. नामं मोठी असली की अनोळखी वाक्य चटकन समजतं, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा चुकीचा नव्हता, तरी ती पद्धत गेली, आणि त्या नामांची किंमत त्यामुळे उतरली नाही. डेन्मार्कनं जर्मन ताब्यातून सुटल्यावर तीन वर्षांनी, 1948 मध्ये, सगळ्या सामान्यनामांची मोठी अक्षरं रद्द केली. त्या सकाळपासून डॅनिश माणसाला 'घर' आणि 'आई' कमी प्रिय झाली का? मोठं अक्षर ही वाचनाची सोय आहे, आणि प्रत्येक भाषा ती सोय कुठे करायची हे आपल्या गरजेनं, बरंचसं आपल्या इतिहासानं ठरवते.

या वादात एक प्रवचन हमखास ऐकायला मिळतं. इंग्रजी 'मी' मोठ्या अक्षरानं लिहिते, म्हणून ती अहंकारी. क्रोएशियन 'मी' लहान लिहिते आणि पत्रात समोरच्या माणसाला आदरानं संबोधताना 'वी', म्हणजे तुम्ही, मोठ्या अक्षरानं लिहिते, म्हणून ती नम्र. हे वाचायला गोड वाटतं आणि ते साफ चूक आहे. इंग्रजीतला 'मी' मध्ययुगात घसरत घसरत एकाच अक्षराचा झाला. हस्तलिखितात ती एकटी बारीक रेघ शेजारच्या अक्षरांत हरवायची, म्हणून लेखनिकांनी ती उंच केली. त्यात कुणाचा गर्व नव्हता. क्रोएशियनमधला मोठा 'वी' मात्र खरोखर आदरासाठी आहे, पण तोही पत्रव्यवहारातला शिष्टाचार आहे, त्या समाजाच्या स्वभावाचं प्रमाणपत्र नव्हे. ज्यांना क्रोएशियनची बाजू घ्यायची आहे त्यांनी असल्या युक्तिवादांपासून दूर राहावं. ते कोसळतात तेव्हा खऱ्या मुद्द्यालाही सोबत घेऊन जातात.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. अक्षराचा मानाशी काही संबंध नाही असं म्हणणाऱ्यानं अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना उत्तर द्यायला हवं. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं अमेरिकी वृत्तपत्रांकडे एकच मागणी करत होते: आमच्या समाजाचं नाव, त्या काळचा 'निग्रो' हा शब्द, मोठ्या अक्षरानं छापा. न्यूयॉर्क टाइम्सनं 1930 मध्ये ती मान्य केली. पुढे तो शब्द मागे पडला, 'ब्लॅक' आला, आणि 2020 च्या जूनमध्ये एपी या वृत्तसंस्थेनं त्याचंही पहिलं अक्षर मोठं केलं. उलट दिशेचं उदाहरण सोव्हिएत संघाचं: तिथल्या छापखान्यांनी देव हा शब्द ठरवून लहान अक्षरावर आणला, आणि श्रद्धाळू माणसाला त्यातला अपमान बरोबर कळला. क्रोएशियनच्या अगदी शेजारचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. क्रोएशिया तेव्हा ज्याचा भाग होता त्या युगोस्लाव्हियाच्या 1971 च्या जनगणनेत बोस्नियातल्या मुसलमानांना एक राष्ट्र म्हणून आपली नोंद करता आली, आणि ते राष्ट्र कागदावर एका अक्षरानं ओळखलं जाऊ लागलं. लहान 'एम'चा 'मुस्लिमान' म्हणजे इस्लाम मानणारा, जगातला कुठलाही. मोठ्या 'एम'चा 'मुस्लिमान' म्हणजे त्या राष्ट्राचा माणूस, मग तो नमाज पढो वा पक्का नास्तिक कम्युनिस्ट असो. 1993 मध्ये 'बोश्न्याक' हे नाव स्वीकारलं जाईपर्यंत लाखो लोकांची राजकीय ओळख त्या एका अक्षरावर उभी होती. यानंतरही अक्षर म्हणजे नुसती शाई, असं मी म्हणणार नाही.

पण या उदाहरणांकडे नीट पाहा. ड्यू बॉइस काय मागत होते? इंग्रजीत आयरिश मोठे, ज्यू मोठे, इटालियन मोठे, मग आम्हीच लहान का, असा त्यांचा प्रश्न होता. भाषेनं सगळ्यांना लावलेला नियम आम्हालाही लावा, ही ती मागणी. अपमान अक्षराच्या उंचीत नव्हता, एकाला वगळण्यात होता. बोस्नियाच्या बाबतीत तेच झालं. सर्ब मोठे, क्रोएट मोठे, स्लोव्हेन मोठे, आणि याच पंगतीत बसवलेलं नवं राष्ट्रही त्याच नियमानं मोठं. सोव्हिएत संघानं देवाच्या बाबतीत केलं ते नेमकं उलट होतं: एकच नाव निवडून त्याच्यासाठी नियम वाकवला. आता हीच कसोटी क्रोएशियनला लावा. 'ह्र्वात्स्की' लहान, तशी इंग्रजी लहान, सर्बियन लहान, जर्मन लहान. कॅथलिक लहान, ऑर्थोडॉक्स लहान, इस्लाम मानणारा लहान. कारण धर्माचा अनुयायी हे कुणाचं विशेषनाम नाही. 2021 च्या जनगणनेत त्या देशातल्या सुमारे 79 टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हणून नोंदवलं, आणि तिथे प्रत्येक मूल 'कातोलिक' हा शब्द लहान 'के'नं लिहायला शिकतं. देवाचं नाव आणि नाताळ मात्र मोठे, कारण ती नावं आहेत. यहुदी राष्ट्राचा माणूस मोठा, यहुदी धर्म पाळणारा लहान, म्हणजे ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्याच रांगेत. सगळ्यांना एकच मोजमाप असेल तर लहान अक्षरात अपमान उरतोच कुठे?

याच्या उलट, मान म्हणून अक्षर वाटायला घेतलं की थांबायचं कुठे हे कळेनासं होतं. 2020 मध्येच एपीनं 'ब्लॅक' मोठा केला आणि 'व्हाइट' लहान ठेवला. वॉशिंग्टन पोस्टनं दोन्ही मोठे केले. दोघांचीही कारणं विचारपूर्वक दिलेली होती आणि ती एकमेकांना छेद देतात. अमेरिकेच्या इतिहासात हा प्रश्न खरा आहे, तो तिथल्या लोकांनी सोडवावा. पण अमेरिकी मजकूर क्रोएशियनमध्ये आणणाऱ्या अनुवादकानं ते मोठं अक्षर जसंच्या तसं उचललं तर काय होतं? क्रोएशियनमध्ये वर्णावरून केलेली माणसांची नावं, काळ्यांची आणि गोऱ्यांची, दोन्ही लहान असतात. तिथे एकाला मोठं करणं हा समतेचा पुरस्कार राहत नाही. ज्या भाषेत भेद नव्हता तिथे तो नव्यानं तयार होतो.

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे आणि मला तो पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. क्रोएशियन पद्धतीत नाव कुठे सुरू होतं ते कळतं, कुठे संपतं ते कळत नाही. विज्ञान आणि कला यांच्या क्रोएशियन अकादमीच्या लांबलचक नावात पहिला शब्द सोडला तर सगळे लहान. त्याला जोडून पुढे शहराचं नाव आलं की ते संस्थेच्या नावात धरायचं की बाहेर, हे अक्षरावरून ठरवता येत नाही. इंग्रजीत प्रत्येक मुख्य शब्द मोठा असल्यानं नावाची दोन्ही टोकं दिसतात. करारपत्रांत तर इंग्रजीनं या सोयीचा फार चतुर वापर केला आहे. साधा 'खरेदीदार' लहान, आणि कराराच्या पहिल्या पानावर व्याख्या केलेला तो ठरावीक 'खरेदीदार' मोठा. हे काम मोठं अक्षर खरोखर करतं, आणि क्रोएशियन वकीलही आता तसंच लिहू लागले आहेत.

पहिल्या भागाला उत्तर भाषेच्या घडणीतच आहे. क्रोएशियन सात विभक्त्यांची भाषा आहे. अकादमीत, अकादमीकडे, अकादमीचा असं म्हणताना संस्थेच्या नावातले शब्द वाक्याप्रमाणे आपली रूपं बदलतात, आणि कुठला शब्द कुणाशी बांधलेला आहे हे बरंचसं प्रत्ययच सांगून जातात. इंग्रजीत नाव दगडासारखं न बदलता वाक्यात ठेवलेलं असतं, म्हणून तिथे त्याला कुंपण लागतं. आणि ते कुंपण तरी किती पक्कं आहे? शीर्षकातल्या कुठल्या लहान शब्दाला मोठं अक्षर द्यायचं यावर इंग्रजीच्या संपादकांचं आजही एकमत नाही. एपी पुस्तकांच्या नावात चार किंवा जास्त अक्षरांची शब्दयोगी अव्ययं मोठी करते, इतरांचे नियम वेगळे. गार्डियन पंतप्रधान हे पद लहान अक्षरानं लिहितो, बातम्यांचे मथळेही साध्या वाक्यासारखे देतो. इंग्रजीतलेच जाणते लोक मोठी अक्षरं कमी करत असताना क्रोएशियननं ती वाढवायची, हे कुठल्या हिशोबात बसतं?

करारपत्रांचा मुद्दा मात्र मी बराचसा मान्य करतो. व्याख्या केलेला शब्द वेगळा दिसावा ही गरज खरी आहे, आणि तेवढ्या एका कामापुरतं मोठं अक्षर वकिलांनी वापरलं तर त्यात भाषेचं नुकसान नाही. फक्त त्याच्याशिवाय करार टिकत नाही, असं कुणी म्हणू नये. क्रोएशियन करारात 'यापुढील मजकुरात' असं लिहून व्याख्या करण्याची पद्धत जुनी आहे. आपल्याकडच्या खरेदीखतात 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' हे शब्द एकाही मोठ्या अक्षराविना उभे असतात, आणि त्यांच्या जोरावर महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या जमिनी हस्तांतरित होत आल्या आहेत. युरोपीय संघाचे कायदे पाहा. 1 जुलै 2013 ला क्रोएशिया सदस्य झाला आणि क्रोएशियन ही संघाची चोविसावी अधिकृत भाषा ठरली. कायद्यांच्या इंग्रजी मजकुरात 'सदस्य राष्ट्र' मोठ्या अक्षरांनी येतं, क्रोएशियन मजकुरात लहान अक्षरांनी. दोन्ही मजकूर सारखेच अधिकृत आहेत. लहान अक्षरामुळे कुठल्या राष्ट्राचा अधिकार कमी झालेला नाही.

राहिले आक्रमणाची ओरड करणारे. मी त्यांच्याशी सहमत नाही, पण त्यांना हसणाऱ्यांवर माझा जास्त राग आहे. लेखनाच्या नियमांसाठी या समाजानं किंमत मोजलेली आहे. 1971 मध्ये बाबिच, फिंका आणि मोगुश या तीन भाषातज्ज्ञांनी तयार केलेलं क्रोएशियन लेखननियमांचं पुस्तक छापून झालं, आणि त्याच वर्षी आलेल्या राजकीय दडपशाहीत त्याच्या प्रती नष्ट करण्यात आल्या. पुढच्या वर्षी ते लंडनमध्ये पुन्हा छापलं गेलं; लोक त्याला 'लोंदोनात्स', म्हणजे लंडनवालं, म्हणू लागले. देशात ते उघडपणे यायला 1990 उजाडलं. ज्यांच्या स्वल्पविरामाच्या आणि जोडशब्दांच्या नियमांची सरकारनं रद्दी केली, ते लोक प्रत्येक अक्षराबाबत जागे असतील तर त्यात नवल काय? चूक एवढीच होते की जुन्या लढाईतला शत्रू ते नव्या लढाईत शोधतात. आज कुणी क्रोएशियन दाबायला निघालेलं नाही. मोठी अक्षरं येताहेत ती इंग्रजीसाठी बनवलेल्या साच्यांतून: सादरीकरणाच्या तयार पट्ट्या, संकेतस्थळांचे नमुने, ॲपच्या यादीतले शब्दशः उतरवलेले मथळे. घाईत असलेला माणूस साचा भरतो आणि पुढे जातो. 2024 च्या जानेवारीत साबोरनं क्रोएशियन भाषेचा कायदा मंजूर केला, त्याचं मी स्वागतच करतो, पण साच्यात बसलेली सवय कायद्याच्या कलमानं उठत नाही.

ती उठवायची तर दोन कामं करावी लागतील, आणि दोन्ही क्रोएशियनवाल्यांच्या हातातली आहेत. पहिलं, घरातले मतभेद मिटवणं. वेगवेगळ्या नियमपुस्तकांत काही नावांबाबत वेगवेगळे निर्णय सापडतात, आणि शिक्षक एक पुस्तक व संपादक दुसरं पुस्तक पुढे करतो, तेव्हा सामान्य माणूस दोघांनाही सोडून फोन सुचवेल ते स्वीकारतो. झाग्रेबच्या भाषासंस्थेनं 2013 मध्ये काढलेले लेखननियम इंटरनेटवर सर्वांना फुकट उपलब्ध आहेत. त्यावर हरकती असणाऱ्यांनी निदान मोठ्या अक्षरांच्या प्रकरणात तरी तेच मान्य करावेत, कारण तिथले वाद भाषेच्या गाभ्याशी भिडत नाहीत. दुसरं काम साच्यांवरचं आहे. ॲप आणि संगणकप्रणाली क्रोएशियनमध्ये आणणाऱ्या प्रत्येक अनुवाद-करारात एक अट घालता येते: मथळ्यातलं पहिलं अक्षर आणि विशेषनामं सोडून बाकी सगळं लहान. ही अट सरकारी खात्यांनी आपल्या संकेतस्थळांपासून लागू करावी, विद्यापीठांनी प्रबंधांच्या मुखपृष्ठांपासून, आणि खासगी कंपन्यांकडे ती ग्राहकांनी मागावी. शाळेत पहिलं अक्षर गिरवणाऱ्या मुलाला वहीत एक नियम आणि पडद्यावर दुसरा दिसत राहिला, तर त्यातला कोणता चुकीचा हे त्यानं कुणाला विचारायचं?